‘आरिया’ : दोर सोडण्याचा इतिहास

‘हबेस’ आणि ‘आरिया’ हे दोन शब्द आपल्या भाषाविज्ञानाच्या तासाला कधी येत नाहीत. गोदीत, जहाजावर, आणि आजकाल एखाद्या पुलाच्या बांधकामावर यारीखाली उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडी मात्र ते अजून ऐकू येतात. ‘हबेस’ म्हणजे उचल, ओढून घे. ‘आरिया’ म्हणजे सोड, खाली येऊ दे. उच्चार जागोजागी बदलतो. हापेस, हाफिज, आऱ्या अशी रूपे कानी पडतात. दुसऱ्या शब्दाचे मूळ ‘अर्रियार’ या पोर्तुगीज क्रियापदात आहे. शिडाच्या जहाजांवरील हिंदी खलाशांची ‘लस्करी’ नावाची एक संमिश्र बोली होती. हिंदुस्थानी, पोर्तुगीज, अरबी, मलायी अशा अनेक भाषांचे तुकडे तिच्यात एकजीव झाले होते. थॉमस रोबक या कंपनी सरकारच्या लष्करी अधिकाऱ्याने १८११ साली कलकत्त्यात तिचा इंग्रजी-हिंदुस्थानी नाविक कोश प्रसिद्ध केला. कोश विस्मरणात गेला, बोली जवळजवळ संपली. परंतु दोर ओढण्याचे आणि सोडण्याचे हे शब्द टिकले.

ते का टिकले असावेत, या कुतूहलातून मी जहाजावरच्या विंचच्या इतिहासाकडे वळलो. विंच म्हणजे दोर गुंडाळणारा आडवा रहाट. नांगर वर घेणे, जहाज धक्क्याला बांधणे, पोटातला माल वर काढणे, जाळे ओढणे, समुद्रतळावर केबल अंथरणे ही सर्व कामे या रहाटाची. त्याचा इतिहास सामान्यतः बळाच्या वाढीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आधी माणसे, मग वाफ, मग वीज. म्हणजे तो ‘हबेस’चा इतिहास होतो. मला वाटते, खरा गुंतागुंतीचा आणि आपल्या दृष्टीने अधिक अर्थपूर्ण इतिहास ‘आरिया’चा आहे. ओझे उचलायला बळ पुरते. ते हळूच, हव्या त्या वेगाने खाली सोडायला, मध्येच अधांतरी थोपवायला आणि दोर ताणला जातो आहे हे वेळीच ओळखायला आणखी काही लागते. ते जे काही आहे, ते माणसाच्या हातातून यंत्रात कसे गेले, हा या लेखाचा विषय आहे.

शिडाच्या मोठ्या जहाजांवर नांगर उचलण्यासाठी कॅप्स्टन असे. कॅप्स्टन म्हणजे उभ्या आसाचा रहाट. त्याच्या डोक्यात आडव्या दांड्या खोचायच्या आणि खलाशांनी छाती लावून गोल फिरायचे. युद्धनौकांवर एका वेळी शंभराहून अधिक माणसे या दांड्यांना लागत. एवढ्या माणसांचे बळ एका क्षणी एका दिशेने लागले नाही तर ते वायाच जाणार. म्हणून व्यापारी जहाजांवर श्रमगीते, ज्यांना ‘शँटी’ म्हणतात, ती गायली जात. ब्रिटिश आरमारात कामाच्या वेळी गाण्यास बंदी होती. तिथे सारंगीसारखे फिडल वाजवणारा एखादा वादक ताल धरी. स्टॅन ह्यूगिल या खलाशाने १९६१ साली या गीतांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला. शँटींचे प्रकार कामावरून पडलेले आहेत, हे त्यावरून ध्यानात येते. कॅप्स्टनचे काम अखंड चालीचे, म्हणून ती गीते लांबट आणि संथ. शीड चढवण्याचे काम हिसक्यांचे, म्हणून त्या गीतांत ठराविक अक्षरावर जोर. लोकगीतांचे वर्गीकरण आपण विषयावरून, प्रसंगावरून, विधीवरून करतो. इथे ते दोराच्या चालीवरून झालेले आहे.

कोकणात रापण ओढताना ज्यांनी ऐकले असेल त्यांना हे वेगळे सांगायला नको. किनाऱ्यावर दोन रांगा जाळ्याचे दोर ओढत असतात आणि कोणीतरी एक जण आवाज देतो. लहानपणी मला तो उत्साह वाढवण्याचा प्रकार वाटे. पुढे लक्षात आले की दोन्ही बाजूंचा ओढण्याचा वेग सारखा राहावा यासाठी तो आवाज आहे. एक बाजू पुढे गेली की जाळे तिरके होते आणि मासळी निसटते. इथे गाणे हेच वेगनियंत्रण असते.

वाफेने हे गाणे संपवले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मालवाहू जहाजांवर वाफेचे विंच रूढ झाले आणि शंभर माणसांच्या जागी एक माणूस, एक चाक आणि एक झडप उरली. शँटीच्या अंताबद्दल पुष्कळ हळवे लेखन झालेले आहे. त्यात एक गोष्ट सुटते ती अशी, की वाफेने माणसाचे बळ घेतले पण अंदाज घेतला नाही. वाफेचा विंच स्वभावाने समजूतदार होता. ओझे झेपले नाही तर तो नुसता थबकून उभा राहत असे. त्याचे काही जळत नसे, तुटत नसे. झडप थोडी उघडली की पुन्हा चालू लागे. त्याचा गोंगाट भयंकर, पण त्या गोंगाटातच त्याची अवस्था कळे.

आमच्या चाळीत मुंबई गोदीतले एक निवृत्त विंचवाले होते. आम्ही त्यांना नाना म्हणत असू. विंचवाल्याला जहाजाच्या पोटातले काही दिसत नाही. हॅचच्या तोंडाशी उभा असलेला दुसरा माणूस हाताच्या खुणेने किंवा ओरडून सांगतो. शिवाय त्या काळची एक पद्धत अशी की दोन काठ्या, दोन विंच आणि एकच आकडा. एका विंचने ओझे वर घ्यायचे, दुसऱ्याने ते धक्क्याकडे ओढायचे, आणि त्याच वेळी पहिल्याने तितकाच दोर सोडायचा. दोघांनीही एकदम ओढून धरले तर दोन दोरांमधला कोन उघडत जातो आणि ताण ओझ्याच्या वजनाच्या कितीतरी पट होतो. नाना म्हणत, ‘‘ओढणारा कुणीही चालतो रे, सोडणारा माणूस बघून घ्यावा लागतो.’’ आम्हा मुलांना त्याचे काही विशेष वाटले नव्हते.

सोडणाऱ्याचे महत्त्व किती, याचा इतिहासप्रसिद्ध दाखला १८५७चा आहे. आपल्याकडे उत्तर हिंदुस्थान पेटलेला असताना, त्या ऑगस्टमध्ये, आयर्लंडच्या वॅलेन्शिया बेटापासून अटलांटिकच्या तळाशी तारेची केबल अंथरण्याचा पहिला प्रयत्न सुरू झाला. नायगारा हे अमेरिकन जहाज केबल सोडत पश्चिमेकडे निघाले. केबल अंथरणे म्हणजे निव्वळ ‘आरिया’. वजनामुळे केबल आपणहून पाण्यात धावते. तिला ब्रेकने आवरून धरावे लागते. फार सोडली तर ती वाया जाऊन अमेरिकेपर्यंत पुरणार नाही. फार आवरली तर तुटेल. आणि खाली-वर होणाऱ्या जहाजावर ‘फार’ या शब्दाचा अर्थ दर काही सेकंदांनी बदलतो. लाटेवर जहाजाचा मागचा भाग उचलला गेला की ताण वाढतो, तेव्हा ब्रेक सैल करायचा. तो खाली गेला की पुन्हा आवळायचा. ११ ऑगस्टच्या पहाटे मुख्य अभियंता चार्ल्स ब्राइट क्षणभर ब्रेकपासून दूर गेला होता. ब्रेकवर असलेल्या कामगाराने नको त्या क्षणी तो आवळलेला ठेवला. जहाजाचा मागचा भाग उचलला गेला आणि तीनशेहून अधिक मैल अंथरलेली केबल तुटून सुमारे दोन हजार वाव खोल पाण्यात गेली.

ब्राइटचे वय तेव्हा पंचवीस होते. त्या कामगाराचे नाव इतिहासाने फारसे जपलेले नाही, पण दोष मात्र त्याच्या पदरी बांधला. मला हे अन्यायाचे वाटते. रात्रभर, प्रत्येक लाटेला, अंधारात, हातातल्या चाकाने समुद्राशी जुळवून घेत राहणे हे माणसाकडून अपेक्षावे असे काम नव्हते. हे त्यानंतरच्या अभियंत्यांनीही मानले, कारण पुढच्या वर्षी त्यांनी माणूस बदलला नाही, ब्रेक बदलला. नायगाराचा अभियंता विल्यम एव्हरेट याने ठराविक ताणापलीकडे आपोआप सैल होणारी रचना बसवली. तिचे तत्त्व ॲपोल्ड नावाच्या संशोधकाचे होते, आणि ते आधी वापरले गेले होते तुरुंगात. कैद्यांना सक्तमजुरी म्हणून जे चाक फिरवायला लावत, त्याचा जोर नेमका ठेवण्यासाठी. मानवी श्रमाच्या इतिहासातला हा योगायोग एखाद्या कादंबरीकाराच्या नजरेतून कसा सुटला कोण जाणे. १८५८च्या ऑगस्टमध्ये केबल पोहोचली. काही आठवड्यांत ती निकामी झाली, पण तो दोष दोराचा नव्हता, विजेचा होता. टिकाऊ केबल अंथरली ती १८६६ साली ग्रेट ईस्टर्न या प्रचंड जहाजाने. तेच जहाज फेब्रुवारी १८७० मध्ये मुंबईहून एडनकडे केबल सोडत निघाले आणि मुंबई समुद्रमार्गे लंडनशी जोडली गेली.

एव्हरेटचा ब्रेक आपोआप सोडत असे, पण ओढून घेणे त्याला येत नव्हते. त्यासाठी विजेची वाट पाहावी लागली, आणि विजेने आधी निराशाच केली. विसाव्या शतकाच्या आरंभी जहाजांवर डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह असे. मोटरचा वेग कमी करायचा तर प्रवाहाच्या वाटेत रोध घालायचे, म्हणजे उरलेली वीज उष्णता म्हणून उधळायची. वेग पायऱ्यापायऱ्यांनी बदले आणि प्रत्येक पायरीला ओझे हिसका खाई. ओझे झेपले नाही तर वाफेसारखे थबकून उभे राहणेही मोटरला परवडत नसे. तिची वेटोळी जळत. जुने विंचवाले विजेच्या विंचला नावे ठेवत ती निव्वळ सवयीपोटी नव्हे. डिझेलची जहाजे आली, मोठे बॉयलर गेले, तेव्हा कुठे डेकवर वाफ आणायची कोठून हा प्रश्न उभा राहिला आणि विजेकडे गंभीरपणे पाहणे भाग पडले.

उपाय मात्र त्याआधीच सापडलेला होता. हॅरी वॉर्ड लिओनार्ड या अमेरिकन अभियंत्याने १८९१ साली एका पद्धतीचे पेटंट घेतले. एडिसनच्या उद्योगात काही काळ घालवलेला हा मनुष्य. त्याची कल्पना अशी की मोटरच्या वाटेत अडथळे घालूच नयेत. तिला वीज पुरवणारे जनित्रच तिच्या एकटीसाठी वेगळे ठेवावे. जनित्राच्या चुंबकक्षेत्रात जाणारा अगदी थोडा प्रवाह कमीजास्त केला की त्यातून निघणारा दाब शून्यापासून पूर्णापर्यंत हवा तसा बदलतो, उलटाही करता येतो, आणि मोटर त्याप्रमाणे अलगद वेग घेते किंवा थांबते. शिवाय ओझे खाली येताना मोटर स्वतःच जनित्र होते आणि ओझ्याची ऊर्जा मागे परतवते. म्हणजे ‘आरिया’ला प्रथमच एक नियंत्रित, सलग वेग मिळाला. पद्धत महाग होती. एका विंचसाठी तीन यंत्रे लागत. तरीही खाणींतले पाळणे, उंच इमारतींच्या लिफ्ट आणि चांगल्या जहाजांचे विंच यांत ती पन्नास-साठ वर्षे टिकून राहिली. बदलत्या वेगाच्या विद्युत चालनाची, ज्याला आज सर्रास ‘ड्राइव्ह’ म्हणतात, त्याची ही पहिली पिढी.

मग एक विचित्र पीछेहाट झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर जहाजे डीसी सोडून एसी प्रवाहाकडे वळली, कारण एसी मोटर स्वस्त, दणकट आणि खाऱ्या हवेत टिकणारी. पण या मोटरचा वेग प्रवाहाच्या वारंवारतेला बांधलेला असतो. सेकंदाला ६० आवर्तने असलेल्या प्रवाहावर चार ध्रुवांची मोटर मिनिटाला १८०० फेऱ्यांच्या आसपास फिरते. आठ ध्रुवांची ९००, चोवीस ध्रुवांची ३००. म्हणून एकाच मोटरमध्ये ध्रुवांचे दोन-तीन संच बसवून विंचला दोन-तीन वेग दिले गेले. जलद, मध्यम, मंद. मधले काही नाही. ज्यांना मधले हवे होते त्यांनी तेलाच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक विंच घेतले. ते मऊ चालतात, पण नळ्या गळतात, डेक तेलकट होतो आणि थंडीत तेल घट्ट होते. नॉर्वेच्या कारखान्यांनी हा मार्ग उत्तम विकसित केला आणि आजही तो बंद झालेला नाही.

एसी मोटरला हवा तो वेग द्यायचा तर प्रवाहाची वारंवारताच बदलायला हवी, हे तत्त्व सर्वांना ठाऊक होते; साधन नव्हते. ते १९५७ नंतर थायरिस्टर या अर्धवाहक कळीच्या रूपाने येऊ लागले. पुढे अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत, मद्रासच्या आयआयटीत शिकलेले जयंत बालिगा यांनी १९८०च्या सुमारास आयजीबीटी नावाची अधिक चपळ कळ विकसित केली. आजच्या ड्राइव्हचे काम थोडक्यात असे : जहाजाचा एसी प्रवाह आधी डीसी करायचा आणि मग या कळांनी सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून त्यातून हव्या त्या वारंवारतेचा नवा एसी घडवायचा.

पण केवळ वेग बदलता येणे पुरेसे नव्हते. विंचला खरी गरज बळावर ताबा असण्याची. डीसी मोटरमध्ये चुंबकत्व उभे करणारा प्रवाह वेगळा आणि फिरवणारे बळ देणारा प्रवाह वेगळा, म्हणून तिथे ते सोपे. एसी मोटरमध्ये हे दोन्ही एकाच प्रवाहात मिसळलेले असतात. ते गणिताने वेगळे काढण्याची रीत जर्मनीत १९७० च्या आसपास हासे आणि सीमेन्सचे ब्लाश्के यांनी मांडली. संस्कृतच्या वर्गात आपण जो संधिविग्रह शिकवतो तसाच हा प्रकार आहे. एकरूप झालेल्या ध्वनीतून मूळची दोन पदे काढून दाखवायची. फरक इतकाच की तो मोटर फिरत असताना, क्षणाक्षणाला करायचा. तेवढ्या वेगाने गणित करणारे सूक्ष्मसंगणक आल्यावर ही रीत कागदावरून डेकवर आली. १९८६ मध्ये जपानच्या ताकाहाशी आणि नोगुची यांनी बळावर थेट ताबा ठेवणारी आणखी एक रीत सुचवली, आणि १९९५ पासून एबीबीने ती बाजारात आणली.

यातून जे साध्य झाले त्यातले एक मला विशेष वाटते. शून्य वेगाला पूर्ण बल. मोटर फिरत नाही, पण ओझे अधांतरी धरून आहे. ब्रेक न लावता. पाहणाऱ्याला काहीच घडताना दिसत नाही. माणसाच्या हाताला हे येत होते. भरलेली घागर विहिरीच्या काठाशी क्षणभर तोलून धरणाऱ्या बाईला येत होते. जहाजावरच्या मोटरला ते भरवशाने यायला विसावे शतक सरत यावे लागले.

आता पुन्हा नायगाराकडे येता येईल. आज खोल समुद्रात उपकरण सोडणाऱ्या जहाजावर एक संवेदक जहाजाची वर-खाली हालचाल मोजत असतो. लाटेने जहाज तीन मीटर उचलले तर ड्राइव्ह त्याच वेळी तीन मीटर दोर सोडतो. जहाज खाली आले की तितकाच ओढून घेतो. हजारो मीटर खाली टांगलेले उपकरण त्यामुळे जवळजवळ स्थिर राहते. दोर सोडताना मोटरमधून येणारी ऊर्जा जहाजाच्या जाळ्यात परत जाते किंवा रोधांत जाळली जाते. १८५७च्या त्या पहाटे ब्रेकपाशी उभ्या असलेल्या माणसाने जे करायचे होते ते हेच. आणि हे काम यंत्राकडे गेले याबद्दल मला तिळभर खंत वाटत नाही. ताणलेला दोर तुटला की त्याची टोके विजेसारखी मागे उसळतात; धक्क्याला जहाज बांधताना अशा दोरांनी माणसे मारली आहेत, पाय तोडले आहेत. जहाजे बांधण्याच्या दोरांची रचना आणि तपासणी यांविषयी अधिक कडक आंतरराष्ट्रीय नियम १ जानेवारी २०२४ पासून लागू झाले, ते याच जखमांमुळे.

तरी यंत्राच्या जाणिवेला एक मजेशीर मर्यादा आहे, आणि ती आपल्या विषयाच्या माणसांनी मुद्दाम पाहावी अशी आहे. जहाज धक्क्याला बांधलेले असताना दोरातला ताण ठराविक राखणारे स्वयंचलित विंच असतात. ताण वाढला की सोडतात, घटला की ओढतात. पुढच्या टोकाला एक, मागच्या टोकाला एक. वारा किंवा प्रवाह जहाजाला पुढे रेटू लागला की रोखून धरणाऱ्या दोराचा ताण वाढतो. त्याचा विंच आज्ञाधारकपणे दोर सोडतो. दुसऱ्या टोकाचा दोर सैल पडतो, तर तो विंच आज्ञाधारकपणे ओढून घेतो. दोन्ही विंच आपापले काम अचूक करतात आणि त्या दोघांच्या अचूकपणामुळे जहाज धक्क्यालगत चालू लागते. म्हणून बांधून झाल्यावर विंच स्वयंचलित स्थितीत ठेवू नयेत, ब्रेकवर ठेवावेत, असे जाणकार सांगतात. विंचला ताण कळतो. तो ताण कशासाठी आहे, हे कळत नाही. नानांच्या दोन विंचांमध्ये जो माणूस हॅचच्या तोंडाशी उभा राहून दोघांकडे पाहत होता, त्याची जागा इथे रिकामी आहे.

न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. कंटेनर आले तशा बहुतेक मोठ्या जहाजांवरच्या काठ्या आणि विंच उतरले. माल उचलण्याचे काम धक्क्यावरच्या अजस्र यारींकडे गेले, ज्यांच्या पोटात हेच ड्राइव्ह असतात. जहाजावर उरले ते नांगराचे आणि बांधण्याचे विंच. मुंबईच्या जुन्या गोदीतले विंचवाले पांगले. कोकणातल्या ज्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या सारंग, तांडेल आणि खलाशी पुरवले, तिथल्या मुलांच्या हाती आता छोटा दांडा असतो. तो पुढे ढकलला की दोर सुटतो, मागे घेतला की गुंडाळला जातो. जितका कलवावा तितका वेग. हात काढला की दांडा आपणहून मध्यावर येतो, मोटर ओझे क्षणभर तोलून धरते, आणि मग ब्रेक बसल्याचा ठक असा आवाज येतो. खाली उभा असलेला माणूस वॉकीटॉकीवर तेव्हाही म्हणत असतो : आरिया, आरिया, थोडा आरिया.